फोल्कमारच्या राहिलेल्या पायऱ्या

तुमच्यापैकी एकाचाही यावर विश्वास बसणार नाही. मी स्वतः तिथे उभा होतो, तरी माझाच बसत नाही, मग तुमची काय कथा! काल दुपारपासून आपल्या कॅथेड्रलच्या पायऱ्या झाडत असलेला जो म्हातारा आहे ना, त्याला तिथे मी उभा केलाय. गाव दाखवतो म्हणून नेला आणि उभा केला.

फ्रेर्क, दात काढू नकोस. तू जन्मभर वेझर नदीत बोटी हाकल्यास, तुला जमिनीवरचं वैर काय कळणार? टालेया, तू आपली विणत बस. माझी बायको गोष्टीच्या मध्ये तोंड घालत नाही, हा तिचा फार मोठा गुण.

तर तो म्हातारा म्हणजे फोल्कमार. एका गल्लीत वाढलो, शाळेत एका बाकावर बसलो. मला तिशी लागली तेव्हा मी बिनलग्नाचा. ब्रेमेनमध्ये अशा माणसाचं काय करतात ते तुम्ही जाणताच. अंगात काळा कोट, डोक्यावर उंच टोपी, हातात झाडू. मित्रमंडळी पायऱ्यांवर बाटल्यांची बुचं ओतणार, बाजूला पेटी वाजणार, आणि कुणा कुमारिकेने येऊन मुका घेतल्याशिवाय सुटका नाही. माझा मुका ठरलेला होता. मी जिच्या मागे होतो ती वीबके येणार होती. मुका झाला की तिथेच, झाडू हातात असताना, मी तिला मागणी घालणार होतो. सकाळपासून ओठांना चरबी चोळून तयार होतो.

वीबके आलीच नाही. त्याच दुपारी फोल्कमार तिला बोटीतून फिरायला घेऊन गेला. पुलाखालून जाताना त्याने मला हातसुद्धा हलवून दाखवला. हो, हो, पायऱ्यांवरून नदी दिसत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण अपमान भिंतीपलीकडूनही दिसतो.

त्या दिवशी एकाही पोरीने माझा मुका घेतला नाही. एकीनेही नाही! मी झाडत राहिलो. मधल्या पायरीला जो खळगा आहे ना, तो माझ्या झाडूचा.

वीबकेने पुढे त्यालाही टांग मारली आणि एका खलाशाचा हात धरून ओस्लो गाठलं. राहिला फोल्कमार. त्याची तिशी जवळ आली, तसा हा भेकड रातोरात स्टुटगार्टला पळाला. तिकडे कोण विचारतंय! तिकडेच बिनलग्नाचा म्हातारा झाला. म्हणजे त्याच्या वाटणीच्या पायऱ्या राहिल्याच की नाही? त्या दिवसापासून मी बुचं साठवायला लागलो. या खानावळीत फुटलेल्या प्रत्येक बाटलीचं बूच माझ्या खिशात गेलं. तळघर भरलं, न्हाणीतला टब भरला, मग एक पडकी होडी घेतली आणि तीही भरली.

गेल्या आठवड्यात फोन. "ओनो, जुन्या दोस्ता! एका दिवसासाठी येतोय. गाव दाखवशील ना?"

"ये की रे," मी म्हटलं. इतक्या गोड आवाजात, की रिसीव्हरवर माश्या बसल्या.

आला. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर नवी कोरी हॅट. आधी त्याला नगरभवनाच्या कडेला पितळी गाढवापाशी नेलं. म्हटलं, "पाय धर आणि मनात काहीतरी माग." स्टुटगार्टने त्याचं डोकं पार धुऊन टाकलंय, बघा. गड्याने एकाच हाताने एकच पाय धरला! दोन्ही हातांनी दोन्ही पाय धरायचे असतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी कशाला सांगतोय! फुलवाल्या बाया ओरडल्या, "बघा गं, एक गाढव दुसऱ्याशी हात मिळवतंय!" याला वाटलं, आपलं स्वागत चाललंय. हॅट काढून वाकला.

"ती हॅट इथे ठेव," मी म्हटलं, "म्हणजे फोटो नीट काढता येईल." आणि कॅथेड्रलच्या बाजूच्या फरशीत जो क्रूस कोरलेला दगड आहे, त्याच्यावर ठेवायला लावली. आपल्याच घरच्यांना नि शेजाऱ्यांना विष घालून मारणाऱ्या त्या बाईचं मुंडकं जिथे पडलं, तोच दगड. अख्खं गाव येताजाता त्यावर थुंकतं, आणि माझ्या नशिबाने नेमकी एका शाळेची सहल आली. सगळ्या वर्गाने नेम साधला. मागून मास्तरांनीही.

"ओनो, पाऊस पडून गेला का रे?" हॅट डोक्यावर चढवत तो म्हणाला.

"आपल्याकडची हवा ओलसरच," मी म्हटलं.

मग जेवण. आग्रह करकरून खारवलेला हेरिंग मासा वाढला. वर कच्चा कांदा. कांद्यावर कांदा. "घे रे, घरचं खाणं तुला तिकडे कुठलं मिळायला!" तो बिचारा डोळे पुसत खात होता, मला वाटतं थोडं गहिवरूनही. मी मात्र त्याच्या तोंडाचा वास मोजत होतो. कावळे वाट बदलून जायला लागले, तेव्हा म्हटलं, "चल, आता कॅथेड्रल राहिलं."

पायऱ्या दिसल्या आणि तो थबकला. दिसल्या म्हणजे काय, दिसतच नव्हत्या. पहिल्या पायरीपासून दारापर्यंत बुचांचा डोंगर. पेटीवाला तयार. उंच टोपी तयार. निम्मं गाव गोळा झालेलं.

"हे काय रे?"

"तुझी तिशी. जरा उशीर झालाय."

"अरे ओनो, माझे गुडघे!"

"मलाही तेव्हा गुडघे होते," मी म्हटलं आणि झाडू त्याच्या हातात दिला. "तू हात हलवला होतास, फोल्कमार. बोटीतून. मी विसरलो नाही."

काय झाडतो म्हणता! वेझरवरून वारा आला की बुचं खडखडत पुन्हा वर चढायची. मी खाली खुर्ची टाकून बसलो, बियर मागवली, आणि तिचं बूचसुद्धा त्याच्या पुढ्यात फेकलं. इतकी गोड बियर मी आयुष्यात प्यालो नाही. दया येऊन पोरी पुढे व्हायच्या आणि कांद्याचा वास आला की मफलरने नाक झाकून पळायच्या. ब्रेमरहाफेनची एक मास्तरीण धीर करून दुसऱ्या पायरीपर्यंत पोचली, तर तिला उचलून न्यावं लागलं. अजून झाडतोय. हॅटमध्ये कबुतराने अंडी घातलीत. मेला तरी झाडूसकट पुरा म्हणून सांगून ठेवलंय मी.

"पण ओनो," फ्रेर्क म्हणाला, "मुका घेतल्याशिवाय सुटका नाही ना? आणि तुझा तर कुणीच घेतला नाही. मग तू कसा सुटलास?"

"मी? मी... तेव्हा नियम जरा ढिले होते."

टालेयाने सुया खाली ठेवल्या.

"ढिले?" ती म्हणाली. "फोल्कमार सकाळपासून आपल्या सोफ्यावर घोरतोय, त्याच्या हॅटवर पोरं थुंकली तेवढं एक खरं, ती मी धुऊन वाळत घातलीय. बाकी तुझ्या तिशीच्या दिवशी पायरीवर मी ओठ लावले ते कुणाला, त्या पितळी गाढवाला? आणि 'वीबकेला बोटीवर ने रे बाबा, म्हणजे टालेया पुढे येईल', असं फोल्कमारच्या पाया पडून कोण म्हणालं होतं, तेही सांगू का, लबाडा?"