ओलीवरचा फोटो

फुटबॉल संघाचे माजी प्रशिक्षक मास्तर यांचा फोटो अखेर क्लबच्या भिंतीवर लागला. मात्र तो लागलाच नाही असं समजून पुढे वाचावं, कारण मालकांचा तसा आदेश आहे.

बारा वर्षांपूर्वी मास्तर पत्रकारांसमोर बोलून गेले होते की मालकांना ऑफसाइड कळत नाही. तेव्हापासून सगळ्या प्रशिक्षकांचे फोटो लागले, त्यांचा नाही. मालक म्हणत, माफी मागा. मास्तर म्हणत, आधी ऑफसाइड सांगा. आता दोघांचेही गुडघे गेले होते, भांडण तेवढं धडधाकट होतं.

यंदा भिंतीला ओल आली. पाहुणे यायचे म्हणून शिपायाने अडगळीतला सर्वांत मोठा फोटो तिच्यावर ठोकला. तो रद्द झालेल्या निरोप समारंभासाठी बनवलेला मास्तरांचा फोटो निघाला.

मास्तर काठी टेकत बघायला आले. मालक तिथेच उभे होते.

"हा सत्कार नाही. ओल झाकलीय."

"छान झाकलीय हो."

"उद्या प्लंबर येतोय."

मास्तरांना भांडायचाही कंटाळा आला होता. घरी जाऊन त्यांनी मालकांच्या नावे अर्ज लिहिला: "अर्जदाराचे वय ध्यानात घेऊन सदर भिंतीतील गळती तो हयात असेपर्यंत चालू ठेवण्यात यावी, ही नम्र विनंती."