मनोरीचा वारा फिरला

मी वारा बोलतोय. खाडीपल्याड मनोरी गाव आहे. त्या गावी अर्बन नावाचा मच्छीमार, त्याची बायको लूर्डस आणि लग्नाची लेक ॲनेट अशी तीन माणसं राहत होती. घर किनाऱ्याला लागून. पुढे वलांडी, म्हणजे बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्या. त्यांवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील घातलेले. ते वाळवायचं काम माझं.

माझा जन्म कधीचा, विचारू नका. ऊन जिथं जास्त, तिथली हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा भरायला गार हवा धावते. ती धाव म्हणजे मी. साऱ्या पृथ्वीवर माझं हेच चालतं, तसंच मनोरीतही. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून सकाळपर्यंत मी जमिनीकडून दर्यावर जातो. वाळू तापली की फिरतो, आणि दर्यावरून थेट घरात शिरतो.

लूर्डसला हे पाठ होतं. कांदिवलीहून डॅरिल नावाचा मुलगा आणि त्याची माणसं ॲनेटला बघायला यायची ठरली, तेव्हा तिनं निरोप धाडला, "रविवारी सकाळी लवकर या हां!" कारण सांगायची तिला लाज. सकाळी बोंबलांचा वास मी दर्यावर नेतो ना! फ्लॅटमधली माणसं नाक मुरडून परत गेली तर? पोरीचा जीव तर डॅरिलवर जडलेला.

पण पाहुणे चर्चमधली रविवारची मिसा आटपून निघाले, त्यात मार्व्याच्या धक्क्यावर बोटीसाठी खोळंबले. घरी टेकले तेव्हा तापल्या वाळूवर पाय ठरत नव्हता. मी फिरलो. काय करणार? वर गेलेल्या हवेची जागा भरायलाच हवी. एकेका बोंबलाला शिवत, सगळा वास अंगावर घेऊन मी खिडकीशी आलो आणि लाजेनं मेल्याहून मेलो.

लूर्डसनं धाडकन खिडक्या लावल्या.

"अगं, पाहुण्यांना उकडून काढतेस काय?" अर्बन म्हणाला.

"तू गप रे!"

सरबत संपलं, बोलणं संपलं, नुसता घाम. शेवटी डॅरिलची आई उठली आणि तिनं सरळ खिडकी उघडली. मला आत जावंच लागलं. लूर्डसची मान खाली. पुटपुटली, "माफ करा हां... बोंबील वाळत घातलेत."

"माफी कसली, बाय? कांदिवलीत बोंबील भाजते ना, तेव्हा खिडक्या लावून घेते मी, चोरासारखी! तरी खालचे भांडायला वर येतात." तिनं छातीभर श्वास घेतला. "डॅरिल, पोरगी तू कधीच पसंत केलीस. मला घर पसंत आहे."

ॲनेट लाजून आत पळाली.

दुपारी त्या घरात शिरताना मी अजून जरा दबकतोच. तुमच्याही दारी कधी नको तो वास घेऊन येईन. रागावू नका, मला थांबता येत नाही.

त्या दिवशी निघताना विहिणीनं पिशवी पुढे केली.

"बोंबील दे गं थोडे, चांगले वाळलेले. खालच्यांचं मी बघून घेते."