सिद्धूची राखण

सिद्धूने विहिरीच्या वाटेवर काठी आडवी धरली.

"बाळाला हितनं म्होरं न्यायचं न्हाय. सूनबाई, तुमी पूजा करा, पण एकटीनं."

बाळाच्या बाराव्या दिवसाच्या विहीरपूजेला निघालेली सोनल तान्ह्या मुलीला छातीशी धरून थांबली. मागे सिद्धूची बहीण सारजा होती. औषधाने केस गेल्यापासून ती डोक्यावरचा पदर सारखा सावरायची.

विहिरीच्या काठाला शेंदूर फासलेले सात दगड होते. पाण्यात राहणाऱ्या साती आसरांचे. याच पाण्यात सिद्धूच्या तिघी बहिणी पोहायला शिकल्या. थोरली नकोशी वालचंदनगरला नांदायला गेली, मधली छबू इंदापूरला. दोघीही ऐन उमेदीत छातीच्या गाठीने गेल्या. आता सारजालाही तीच गाठ. आसरा या घरच्या पोरींना सासरी जाऊन गाठतात, असं काटेवाडीत सगळे म्हणत. म्हणून सिद्धूने आपल्या लेकीला, स्वप्नालीला, या काठावर कधी फिरकू दिलं नव्हतं. तिच्या आंघोळीलाही नळाचंच पाणी.

"तू मातर बेडकावानी दिसभर ह्याच पाण्यात," सारजा म्हणाली. "तुला बरं सोडलं रं त्यांनी."

"मी गडी माणूस, अक्का. त्या बायांनाच धरत्यात."

सारजावर उपचार करणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बापलेकीला रक्त तपासायला बोलावलं, तेव्हाही तो हेच म्हणून हसला होता. मग स्वप्नाली एकटीच गेली होती.

आज निकाल घेऊन आलेली तिची गाडी बांधावर थांबली. ती चालत वाटेवर आली.

"काय निघालं?" सारजाने विचारलं.

"तुझ्या रक्तात जो दोष हाय, त्योच माझ्यात हाय, आत्या. आजार न्हाय अजून. पण व्हायची भीती लई. सारखं तपासत ऱ्हायला पायजे."

"आगं, पण तू तर ह्या पाण्याला शिवली न्हाईस!" सिद्धू म्हणाला.

"पाण्यातनं येत न्हाय, आबा."

"मग आत्याचं तुझ्यात आलं कुठनं?"

सारजाने भावाकडे पाहिलं. पदर खांद्यावर घसरला, तो तिने सावरला नाही. विहिरीत काहीतरी बुडाल्याचा आवाज झाला. कुणी वळून बघितलं नाही.

"माझ्यात?" सिद्धूने हळूच विचारलं. "मला तर कवा काय झालं न्हाय."

"न झालं तरी पोरांत उतरतं."

"म्हंजी ऋतिकला बी?"

"दादाला तपासाया लागंल. असंलच असं न्हाय." स्वप्नालीची नजर सोनलच्या कुशीतल्या भावाच्या मुलीकडे गेली आणि लगेच परतली.

सोनलला या बोलण्यातलं अर्धंच कळलं होतं. ऊन चढत होतं, ताटातला दहीभात सुकत होता.

"मामंजी, मी येते पूजा करून. तवर हिला घ्या," ती म्हणाली आणि दुपट्यातलं बाळ तिने पुढे केलं.

बाळ जागं होतं. ते त्याच्याकडेच बघत होतं.

सिद्धूने दोन्ही हात पाठीमागे नेले.