प्रश्नचिन्ह लावलेला माणूस

मित्रांनो, बातम्या देणारे लोक तोंडासमोर धरतात ना, तो माईक म्हणजे मी. आता माझं वय झालं आहे. तुम्ही मला टीव्हीवर शंभरदा पाहिलं असेल, पण लक्षात ठेवलं नसेल. माणसं बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघतात, माईककडे कोण बघतो?

माझा जन्म एका लांबट कारखान्यात झाला. शेवटच्या टेबलावर एक बाई नवे माईक तपासायची. इतर तपासणारे "हॅलो, हॅलो" म्हणत. ही बाई मात्र घरची हकिगत सांगायची. मला म्हणाली, "आज दूध उतू गेलं, आणि सासूबाई चक्क हसल्या." मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य.

पुढे मी ताईच्या हातात आलो. ताई एका वाहिनीची वार्ताहर होती. अंगाने किरकोळ, पण बोलायला लागली की पुराचं पाणी. तिच्याबरोबर कॅमेरा घेऊन एक उंच, वाकलेला माणूस फिरे. सगळे त्याला उंट म्हणत, आणि तोही ओ देई. पहिली काही वर्षं फार चांगली गेली. एका वसाहतीत गटाराचं पाणी नळात येत होतं. आम्ही तिथल्या बायकांना बोलतं केलं आणि पंधरा दिवसांत नळ बदलले. आम्ही पुन्हा गेलो तेव्हा त्यांतल्या एका आजीने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि म्हणाली, "याच्यामुळे झालं बरं का!" मला केवढा अभिमान वाटला होता!

मग तो दिवस आला.

सकाळी साडेनऊची वेळ. भाजीबाजाराच्या दुमजली इमारतीत एक माणूस जिन्यावर उभा राहिला आणि खालच्या गर्दीवर गोळ्या झाडू लागला. आमची गाडी जवळच होती. आम्ही पोचलो तेव्हा शेवटच्या गोळ्या सुटत होत्या. एकेक गोळी माझ्या आतल्या पातळ पडद्यावर थोबाडीत मारल्यासारखी बसली. मागच्या दरवाजातून माणसं एकमेकांना तुडवत बाहेर पडत होती. गोळ्या थांबल्या आणि आम्ही आत शिरलो. एका तराजूत अर्धवट मोजलेले कांदे तसेच होते. दुकानदार तराजूखाली उताणा पडला होता. त्याच्या गळ्यातून रक्ताचे बुडबुडे येत होते, आणि बघता बघता तेही थांबले.

बटाट्यांच्या ढिगाशी एक बाई आपल्या मुलीच्या पोटावर गोणपाट दाबून बसली होती. गोणपाट लाल झालं होतं. ताईने मला तिच्या तोंडासमोर धरलं.

"काय घडलं? तुम्ही काय पाहिलंत?"

बाई ओरडली, "हात लाव! इथे हात लाव ना गं!"

उंटाने कॅमेरा खाली टाकला आणि दोन्ही हातांनी गोणपाट दाबलं. ताईच्या कानातल्या बटणातून साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. साहेब म्हणजे वाहिनीचे संपादक. "चित्र का गेलं? जमीन काय दाखवताय?" ताईने मला हातातून सोडलं नाही. मुलगी स्ट्रेचरवरून गेली. ती जगली की नाही, हे आम्ही त्या दिवशी विचारलंसुद्धा नाही.

तासाभराने कुणीतरी मोबाईलवर काढलेलं आठ सेकंदांचं चित्र साहेबांकडे पोचलं. त्यात एक माणूस हातात लांब लोखंडी वस्तू घेऊन बाजाराकडे धावत होता. शेजारच्या चौकात किल्ल्या बनवून देणारा तो किल्लीवाला होता. लोकांनी त्याला ओळखलं. साहेबांनी त्याचा फोटो पडद्यावर लावला आणि खाली लिहिलं, "हाच तो?"

गाडीतल्या छोट्या टीव्हीवर आम्ही पाहत होतो. स्टुडिओत चार जाणकार येऊन बसले होते. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, धावण्याच्या पद्धतीवरून हा शिकवलेला माणूस वाटतो. एका मानसतज्ज्ञाने किल्लीवाल्याचं बालपण सांगितलं. त्यांनी त्याला जन्मात पाहिलं नव्हतं. उरलेले दोघे, ही चूक कुणाच्या राजवटीची, यावर एकमेकांवर धावून गेले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! जाहिराती लागल्या तेव्हा ताईच्या कानातल्या बटणातून ऐकू आलं, त्यांतला एक सहज विचारत होता, "मेलेल्यांचा आकडा तोच आहे ना? नऊ?"

"ताई, त्याच्या घरी जा," साहेब म्हणाले. "गल्ली दाखव, दार दाखव. आपण पहिले पोचलं पाहिजे."

"पण पोलिसांनी अजून काहीच सांगितलेलं नाही."

"प्रश्नचिन्ह लावलंय ना आपण? मग झालं!"

ताई गेली. इस्त्रीच्या दुकानावरच्या खोलीत किल्लीवाल्याचं घर होतं. जिन्याखाली उभं राहून ताईने मला तोंडाशी धरलं आणि साऱ्या जगाला ती गल्ली सांगितली, ते दुकान सांगितलं, निळं दार सांगितलं. मित्रांनो, तो आवाज माझ्यातून गेला. मी गिळून टाकायला हवा होता, पण माईकला गिळता येत नाही.

किल्लीवाल्याच्या बायकोने दार उघडलं. तिचे हात पिठाने भरले होते. मला पाहून तिचा चेहरा उजळला.

"त्यांचं काही कळलं का हो? सकाळपासून फोन लागत नाहीये. बाजारात काहीतरी झालंय म्हणतात."

तिला वाटलं, आम्ही तिच्या नवऱ्याची खबर घेऊन आलो आहोत. ताईने विचारलं, "तुमच्या नवऱ्याने हे का केलं असेल?"

"केलं? काय केलं?" तिने विचारलं. आतून तिचे सासरे आले. वयाने वाकलेले. "कोण आहे गं?" असं विचारत ते चष्मा पुसत होते. तेवढ्यात जिना धडधडला. गर्दी आली होती. तिला पत्ता आम्हीच दिला होता. खालचा इस्त्रीवाला आडवा झाला, "अरे, ते घर कुणाच्या अध्यात ना मध्यात!" त्याला ढकलून दिलं. "हा बाप! ह्याला घ्या!" म्हणत त्यांनी म्हाताऱ्याला मानगुटीला धरून जिन्यावरून खाली ओढलं. प्रत्येक पायरीवर त्याचं डोकं आपटत होतं. सून पिठाच्या हातांनी त्याचे पाय धरून मागे ओढत होती.

"थांबा! अजून खात्री नाही!" ताई माझ्यात किंचाळली. दहा मिनिटांपूर्वी याच माझ्यात ती काय बोलली होती? लोकांनी तेच ऐकलं होतं.

एका दांडग्याने मला तिच्या हातातून हिसकलं आणि माझ्यानेच म्हाताऱ्याच्या डोक्यावर मारलं. पहिल्या घावात चष्मा फुटला. दुसऱ्यात कपाळ फुटलं. तिसऱ्याचा आवाज ओल्या लाकडासारखा आला. माझी जाळी चेपली आणि रक्त आतल्या स्पंजपर्यंत मुरलं. मित्रांनो, मी चालू होतो. तो आवाज घरोघरी गेला. आणि स्टुडिओतून एक जाणकार म्हणत होते, "लोकांचा संतापही आपण समजून घेतला पाहिजे."

मारणारा मला फेकून पळाला. ताई गुडघ्यांवर बसली आणि तिने म्हाताऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं. या वेळी तिचे दोन्ही हात मोकळे होते. म्हाताऱ्याचे ओठ हलत होते, पण मी दूर पडलो होतो, मला ऐकू आलं नाही.

दुपारी चार वाजता पोलिसांनी सांगितलं. गोळ्या झाडणारा वेगळाच होता. त्याने शेवटची गोळी स्वतःला घातली होती, आणि बाजाराच्या वरच्या माळ्यावर त्याचं प्रेत सापडलं. किल्लीवाला लोखंडी पहार घेऊन धावला होता तो मागच्या दरवाजाचं कुलूप तोडायला. कुलूप तुटलं म्हणून दीड-दोनशे माणसं बाहेर पडली. त्याच्या मांडीत आणि पोटात गोळ्या लागल्या होत्या. रुग्णालयात तो बेशुद्ध पडला होता, खिशात कागदपत्र नाही, म्हणून बेवारस.

आमच्या वाहिनीने पडद्याच्या तळाशी खुलाशाची एक बारीक ओळ फिरवली. सकाळचे निवृत्त अधिकारी म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगतोय, घाई नको."

तिसऱ्या दिवशी म्हातारा गेला. बाजारात नऊ माणसं मेली होती. दहावा आमच्या हातून मेला.

ताई साहेबांच्या खोलीत गेली. "मला माझ्या तोंडाने माफी मागू द्या. पडद्यावर."

"अगं, चूक सगळ्यांचीच झाली," साहेब म्हणाले.

"गल्ली मी सांगितली होती."

"वेडी आहेस का? उद्या दुसरी बातमी येईल, लोक विसरतील."

ताईने नोकरी सोडली. ती पोलिसांकडे गेली आणि त्या दांडग्याला ओळखलं. पण जबाबाची सुरुवात तिने स्वतःच्या वाक्यापासून केली. गल्ली, दुकान, निळं दार. लिहिणारा हवालदार मध्येच थांबला. ती म्हणाली, "लिहा."

मी निकामी ठरून भंगाराच्या खोक्यात पडलो होतो. पोलिसांनी पुरावा म्हणून मला नेलं. खटला संपला, तो दांडगा तुरुंगात गेला, आणि साहेबांना मी नको होतो. उंटाने मला मागून घेतलं आणि ताईकडे पोचवलं.

मग एका दुपारी मला पिशवीत घालून ती किल्लीवाल्याच्या घरी गेली. तो खिडकीशी काठी घेऊन बसला होता. बायकोने दार उघडलं. आत या म्हणाली नाही, पण दार लावलंही नाही. ताईने आत जाऊन मला दोन्ही हातांनी त्याच्यासमोर ठेवलं. "हा तुमचा आहे. ठेवायचा, फोडायचा, तुम्ही ठरवा."

तो माझ्या चेपलेल्या जाळीकडे बघत होता. मग त्याने विचारलं, "बाबांना मांडीवर घेतलं होतं ते तुम्हीच ना? काही बोलले का ते?"

"हो. बोलले."

"काय?"

"म्हणाले, पोराला कळवू नका, घाबरेल तो."

त्याची बायको भिंतीला टेकून खाली बसली. तो रडला नाही. त्याने फक्त काठी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "पुन्हा सांगा." ताईने पुन्हा सांगितलं. शब्द तेच, एकही इकडचा तिकडे नाही.

मित्रांनो, तुमच्याही खिशात आज एकेक माईक आहे. तो फार सांभाळून वापरा. कुणाचं नाव घेण्याआधी, कुणाची गल्ली सांगण्याआधी, एवढंच आठवा की त्या दाराआड कुणीतरी आपल्या माणसाची वाट बघत असेल. मी आता किल्लीवाल्याच्या घरी फळीवर असतो. त्याने मला फोडलं नाही. अधूनमधून त्याची बायको फडकं घेऊन येते, फळी पुसते, आणि माझ्याशी आली की थांबते. अजून तिने मला हात लावलेला नाही.