रक्त भावाचं, जबडा स्वतःचा

सोफ्याच्या कारखान्यात त्याला सगळे उस्ताद म्हणत. तीस वर्षं त्याने एकच काम केलं होतं, खुर्च्या आणि सोफ्यांवर कापड चढवायचं, आणि तेही जुन्या पद्धतीने. मूठभर बारीक खिळे तोंडात टाकायचे, जिभेने एकेक खिळा दातांपर्यंत आणायचा, चुंबक लावलेल्या हातोडीने तो उचलायचा आणि ठोकायचा. एक हात कापड ताणायला, दुसरा हातोडीला, मग खिळे धरायला तिसरा हात आणायचा कुठून? या धंद्यातली जुनी माणसं तोंडालाच तिसरा हात समजतात. बरं, समजतात तर समजतात, निदान त्याची काळजी तरी घ्यावी! पण नाही.

वरचे पुढचे दोन दात असेच झिजून, तुटून वर्षभरापूर्वी गेले. तरी खिळे तोंडातच, आता नुसते ओठांनी धरलेले. एके दिवशी काम करता करता त्याला खोकल्याची उबळ आली. श्वास ओढला आणि एक खिळा सरळ घशापाशी गेला. हातोडी खाली पडली. डोळ्यांपुढे अंधारी आली. बोट घालून, ओकारी काढून कसाबसा खिळा बाहेर आला, सोबत थोडं रक्त. शेजारचे कारागीर आधी घाबरले, मग हसले. तोही हसला, पण खाली पडलेली हातोडी उचलायला त्याला बराच वेळ लागला.

नेमकं त्याच आठवड्यात मालकांनी मोठं काम घेतलं. एका जुन्या नाट्यगृहाच्या चाळीस खुर्च्या होत्या, सहा महिन्यांनी कारखान्यात यायच्या. स्टेपल गन चालणार नव्हती, हातानेच खिळे मारायचे होते. "हे काम तुझ्याशिवाय कुणाला जमणार, उस्ताद?" मालक म्हणाले. आयुष्यभरात असं वाक्य माणसाला किती वेळा ऐकायला मिळतं? त्याने ठरवलं, दात बसवायचे. काढता-घालता येणारी कवळी नको, हाडात पक्का बसणारा इम्प्लांटच हवा.

पण एका ओळखीच्या माणसाने त्याच्या डोक्यात किडा सोडून दिला होता. "साखर असली ना, की डॉक्टर इम्प्लांटला हातच लावत नाहीत बघ." आणि उस्तादला पाच वर्षांपासून साखर होती. गोळ्या आठवतील तेव्हा घ्यायचा, म्हणजे बहुतेक नाहीच.

दातांच्या डॉक्टर तरुण होत्या, पण कामाला चोख. त्यांनी जबड्याचा स्कॅन काढला, एक छापील फॉर्म पुढे केला आणि रक्त तपासून रिपोर्ट आणायला सांगितलं. फॉर्मवर विचारलं होतं, मधुमेह आहे का? उस्तादने 'नाही'वर खूण केली. दात कशासाठी हवेत, असंही डॉक्टरांनी विचारलं. "जेवायला, आणखी कशाला?" तो म्हणाला.

मग त्याने जे केलं, ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही. रक्त तपासायला त्याने धाकट्या भावाला पाठवलं. नाव उस्तादचं, वय उस्तादचं, रक्त भावाचं. रिपोर्ट अगदी निर्मळ आला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला, तो नेमका बायकोने उचलला. "वहिनी, दादाला सांगा, रक्त काढायला सुई टोचली तिथे अजून काळंनिळं आहे. पुढच्या वेळी मी जाणार नाही हं." भोळा बिचारा, त्याला वाटलं वहिनीला सगळं माहीत आहे.

ती फोन ठेवून खाली बसली. उस्ताद शर्टाची बटणं लावत होता.

"तुम्ही धाकट्याचं रक्त दिलंत?"

"त्याची साखर नॉर्मल आहे."

"त्याची नॉर्मल आहे. आणि चिरणार कुणाचा जबडा?"

"हळू बोल. चाळीस खुर्च्या आहेत. आता मागे फिरलो तर काम हातचं जाईल."

"मागच्या वर्षी तुमच्या पायाला खिळा लागला होता. दोन महिने जखम सुकली नाही. आठवतं?"

त्याला आठवत होतं. म्हणूनच तो चपला घालून निघाला. तीही मागोमाग निघाली. बसमध्ये दोघं शेजारी बसली. तिच्या मनात एकच विचार होता, आपण सांगून टाकावं का? आणि सांगितलं तर हा माणूस आपल्याला कधी माफ करील का?

दवाखान्यात गेल्यावर उस्तादला खुर्चीत आडवं केलं. अंगावर हिरवं कापड आलं, तोंडावर दिव्याचा झोत. बाजूच्या ट्रेमध्ये काय काय मांडलंय ते बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, तरी बघितलंच. बारीक ड्रिल, चिमटे, टाके घालायची वाकडी सुई.

त्याचा चेहरा बघून डॉक्टरांनी नमुन्याचा एक इम्प्लांट त्याच्या हातात दिला. त्याने तो बोटांत फिरवला. हा तर स्क्रू! आयुष्यभर त्याने लाकडात हेच पिळले होते.

"हा आत टिकतो कशाने?" त्याने विचारलं.

"हाडच त्याला हळूहळू धरतं. त्याला काही महिने लागतात. मग त्यावर दात बसवायचा."

"आणि हाडाने नाही धरलं तर?"

"तर तो हलायला लागतो. पू होतो, काढावा लागतो. कधी कधी त्याच्यासोबत भोवतालचं हाडही जातं. साखर ताब्यात नसली की ही भीती जास्त असते. पण तुमचा रिपोर्ट छान आहे, काळजी करू नका."

रिपोर्ट छान आहे! कुजक्या लाकडात स्क्रू कितीही पिळला तरी तो नुसता फिरत राहतो, हे उस्तादला कुणी शिकवायला नको होतं. असं लाकूड गिऱ्हाइकाने रंग मारून आणलं, तर तो गिऱ्हाइकाला चार शब्द सुनवायचा. आणि आज स्वतः काय घेऊन आला होता? डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन उचललं.

"थांबा," तो म्हणाला. "ते रक्त माझं नाही."

डॉक्टरांचा हात तिथेच थांबला. त्याने सगळं सांगितलं, अडखळत, मान खाली घालून. दाराशी उभ्या असलेल्या बायकोने पदराने डोळे पुसले. डॉक्टरांनी लगेच त्याचं बोट टोचून छोट्या यंत्रावर साखर पाहिली. तीनशे अठरा, म्हणजे हवी त्याच्या दुपटीहून जास्त. डॉक्टर हातमोजे काढून त्याच्यासमोर स्टुलावर बसल्या.

"मीसुद्धा घाबरले आहे," त्या म्हणाल्या. "अजून पाच मिनिटांत मी जबडा उघडला असता. तुमच्या भावाच्या भरवशावर. अहो, डॉक्टर म्हणजे समोरच्या पक्षाचा वकील आहे का, की त्याच्यापासून लपवायचं?"

"साखर असली की करत नाहीत, असं ऐकलं होतं."

"अर्धवट ऐकलंत. साखर ताब्यात असली की करतो. ताब्यात नसली तर आधी ताब्यात आणतो. एवढं विचारलं असतंत, तर पहिल्या भेटीपासूनच गोळ्या नीट सुरू झाल्या असत्या. आता खरं सांगा, दात कशासाठी हवेत?"

"खिळे धरायला."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "तुमच्या खऱ्या दातावर जोर जास्त झाला की तो तुम्हाला सांगतो. इम्प्लांटला ती जाणीव जवळपास नसते. तुम्ही खिळे दाबत राहाल, आत सगळं सैल होत जाईल आणि तुम्हाला कळेल तेव्हा उशीर झालेला असेल. खिळे तोंडात धरणार असाल तर हे दात मी बसवणार नाही."

त्या दिवशी दोघं तशीच घरी परतली. दात काही वेळेत बसणार नव्हते, चाळीस खुर्च्यांचं काम दुसऱ्या कारागिराकडे गेलं. खोटं कशाला बोलू, उस्तादला ते फार लागलं. पण गोळ्या वेळेवर घेऊ लागला, आणि खिळ्यांसाठी कमरेला पिशवी बांधू लागला. पहिले काही दिवस हात चाचपडायचे, मग बसली सवय.

साडेचार महिन्यांनी तो पुन्हा त्याच खुर्चीत बसला. या वेळी रिपोर्ट त्याच्याच रक्ताचा होता, आणि बरा होता. डॉक्टरांनी फॉर्म हातात घेतला. त्याने विचारायच्या आधीच सगळं सांगितलं. साखर, गोळ्यांची नावं, न सुकलेली ती जखम, अधूनमधून ओढलेली सिगारेटसुद्धा. ती आजपासून बंद, असं डॉक्टरांनी तिथल्या तिथे बजावलं.

"आणखी काही?" त्यांनी विचारलं.

"भीती वाटतेय. तेही लिहा."

डॉक्टरांनी खरंच लिहिलं. मग त्याचा हात दाबून पुढे काय काय होणार ते एकेक करून सांगितलं.

मंडळी, सुईची, ड्रिलची, 'नाही' ऐकण्याची भीती आपल्या प्रत्येकालाच वाटते. त्यात लाज कसली? पण त्या भीतीपोटी आजार, औषधं आणि सवयी लपवल्या, तर डॉक्टर आपल्यावर नाही, भलत्याच माणसावर उपचार करत असतो. आणि त्याचे परिणाम भोगायला त्या माणसाला कुणी बोलावत नाही, ते आपल्यालाच भोगावे लागतात.