चार हातांची सिंफनी

नवी सिंफनी वाद्यवृंदाकडे जाण्याआधी लेनिनग्राडच्या संगीतकार संघात पियानोवर वाजवून दाखवायची आणि सहकाऱ्यांनी तिचा निकाल लावायचा, असा रिवाज होता. एका पियानोला दोघं बसत. आज उजवीकडे रचनाकार म्हातारे इन्नोकेंती साव्हिच होते आणि डावीकडे त्यांची जुनी विद्यार्थिनी फैना. सूर रेंगाळत ठेवणारं पायाखालचं पेडल सांभाळायचं काम डावीकडच्याचं.

चिटणीस झुबारेव यांनी तिला जिन्यातच गाठलं होतं. दोन कूचगीतं रचून हा गृहस्थ चिटणीस झाला होता. तिसरं रचायची त्याला गरजच उरली नव्हती.

"फैना अर्काद्येव्हना, भाषणबिषण नको तुमच्याकडून. पेडलवरचा पाय तेवढा उचलू नका. होऊ दे सगळ्या सुरांचा काला! जनताविरोधी गोंगाट कसा असतो, ते मंडळींना आपोआप कळेल."

"आणि उचलला तर?"

"संगीत विद्यालयातला वर्ग तुमच्याकडेच राहावा, असं मला फार मनापासून वाटतं हो."

सभागृह गच्च भरलं. 'जनताविरोधी' संगीताला झोडपणारा कम्युनिस्ट पक्षाचा ठराव छापून आल्यापासून ही माणसं एकमेकांच्या नजरा चुकवत होती.

फैनाने पाय दाबला तो दाबलाच. पहिला भाग पार चिखलात रुतला. मागे कुणीतरी फिसकन हसलं. इन्नोकेंती साव्हिचनी एकदाच तिच्या बुटाकडे पाहिलं, त्यांना काय ते कळलं आणि ते वाजवत राहिले. फैनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरा भाग संथ होता. घरी तिने फक्त आपलीच बाजू बसवली होती. खर्जातले साधे सूर, त्यात काय एवढं, असं तिला वाटलं होतं. आता त्या सुरांवर म्हाताऱ्याची धून उतरली आणि फैनाच्या अंगावर काटा आला. युद्धात जर्मनांनी शहराला वेढा घातला त्या हिवाळ्यात, भुकेने मेलेलं आपलं माणूस घसरगाडीवर घालून ओढत नेणाऱ्या बायका तिने पाहिल्या होत्या. तिने स्वतः आईला तसंच नेलं होतं. फर्मान विजयगीतांचं होतं, म्हणून त्या बायकांसाठी कुणी काही रचलं नव्हतं. ते इथे होतं.

पाय कधी उचलला गेला, तिला कळलंही नाही. सूर लख्ख झाले. सभागृहात कुणी खोकेना. झुबारेवसुद्धा तोंड उघडं टाकून ऐकत होते. एवढं अफाट काही माणसाच्या हातून घडतं आणि तो माणूस आपल्या शेजारी बसून धापा टाकतोय, याची तिला भीतीच वाटली. तेवढाच आनंदही झाला.

वादन संपलं. टाळी वाजली नाही. झुबारेव उठले. ते घोटभर पाणी प्यायले.

"ही रचना... जनताविरोधी आहे, असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करावेत."

एकेक हात वर जाऊ लागला. कितीतरी जण दुसऱ्या हाताने डोळे पुसत होते. फैनाचे हात मांडीवरून हलले नाहीत.

"फैना अर्काद्येव्हना?"

"वर कर, पोरी," म्हातारा पुटपुटला.

"नाही करणार."

"वेडी आहेस का? वर्ग गेला तर पोरांना शिकवणार कोण? हा झुबारेव?"

"पण तुमची सिंफनी..."

"ती ऐकली सगळ्यांनी. रडतायत बघ गाढवं."

त्यांनी तिचं मनगट धरलं. पकड घट्ट होती. आपल्याच सिंफनीच्या विरोधात त्यांनी हात वर केला आणि तिचाही हात त्याबरोबर उचलला.