चौदावा रकाना

१. उमेदवाराचे नाव

पक्षाच्या कचेरीत त्याला सगळे टाचणी म्हणत. एकतीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या कागदांना टाचण्या लावल्या, म्हणून. आणि त्याचं बोलणंही तसंच होतं, बारीक आणि टोचणारं, म्हणूनही. निवडणुकीचा एकही अर्ज त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कचेरीबाहेर पडत नसे. खासदार आले, गेले, शेवटचा तर पदावर असतानाच वारला. टाचणी त्याच खुर्चीत.

या वेळी उमेदवार टाचणीच, असं सगळे धरून चालले होते. बायकोने त्याचा काळा कोट उन्हात घातलासुद्धा. आणि उमेदवारी मिळाली एका नर्सला.

२. वय

सव्वीस.

"सव्वीस!" कचेरीचा ड्रायव्हर म्हणाला. "टाचणीकाका, आपली गाडी तिच्याहून मोठी आहे."

"ओठ पिळले तर दूध निघेल," टाचणी म्हणाला. "तिथे देशाचे कायदे होतात. कुणाचा ताप मोजायचा नाहीये."

"पण वॉर्ड तिनेच वाचवला ना?"

ते खरं होतं. सरकारी इस्पितळातला किडनीच्या रुग्णांचा वॉर्ड बंद करायचा हुकूम आला, तेव्हा ही पोरगी नोकरी सोडून पाच महिने दारात बसली होती. हुकूम निवडणुकीपुरता थांबला. कायमचा रद्द व्हायचा तर तो देशाच्या सभागृहातच होणार होता.

"वॉर्ड वेगळा आणि देश वेगळा," टाचणी म्हणाला.

त्याला हे मनापासून पटलेलं होतं. तो खोटं बोलत होता असं कुणी समजू नये. पण एखादं मत मनापासून पटलेलं असलं, की त्याच्या आड माणसाला बरंच काही दडवता येतं.

९. पर्यायी उमेदवार

पक्ष दोन अर्ज भरतो. पहिला मंजूर झाला की दुसरा आपोआप पडतो, आणि पहिला बाद झाला तर दुसराच उमेदवार ठरतो. हा दुसरा अर्ज भरायला पक्षाच्या अध्यक्षांनी टाचणीला सांगितलं. "तेवढंच तुझं समाधान," असं फोनवर म्हणाले आणि हसले.

ते हसणं टाचणीने जपून ठेवलं.

१४. सरकारकडून अन्य काही लाभ मिळत असल्यास त्याचा तपशील

शेवटचा दिवस, दुपारचा एक. नर्स समोर बसली होती. तिने अर्ज स्वतःच भरला होता, औषधाच्या पुडीवर सूचना लिहितात तशा स्वच्छ अक्षरात. टाचणी बोट फिरवत एकेक ओळ तपासत होता. बोट चौदाव्या रकान्याशी आलं. पुढे कोरं.

"काका, इथे काही लिहू का?" तिनेच विचारलं. "मला काही मिळत नाही. पण आमच्याकडे चार्टवर जागा कोरी सोडत नाहीत. कोरी म्हणजे कुणी तपासलंच नाही, असा अर्थ होतो. आम्ही 'नाही' असं लिहितो. लिहू?"

तिच्या हातात उघडं पेन होतं.

कोरा रकाना म्हणजे अर्ज बाद. हा नियम टाचणी एकतीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यावर ओरडत आला होता. भिंतीवर त्याच्याच हातची पाटी होती, पण ती नर्सच्या पाठीमागे होती.

टाचणीने दिलेले उत्तर: ..........................

हे सांगायचंच आहे, तर सांगून टाकू. तो म्हणाला, "'मिळत असल्यास' असं लिहिलंय ना? नसेल तर राहू दे. कर सही."

तिने सही केली. पेनाला टोपण लावलं. "तुम्ही आहात म्हणून बरं, काका."

मुदत तीनपर्यंत होती. म्हणजे दोन तास. त्याला जिन्यात सांगता आलं असतं. गाडीत ड्रायव्हर गाणं गुणगुणत होता, तेव्हाही. निवडणूक कार्यालयातल्या रांगेत तिने कुठूनशी खुर्ची आणली आणि "पाय दुखतील, बसा" म्हणाली, तेव्हा तर सांगायलाच हवं होतं. तो बसला. खुर्ची चांगली होती. तीन वाजता खिडकी बंद झाली.

१५. छाननी

दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्याच्या टेबलावर दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवलेले होते. टेबलापलीकडे नर्स आणि टाचणी उभे.

"चौदावा कोरा आहे, बाई."

"आत्ता लिहिते."

"मुदत काल संपली." अधिकाऱ्याने बादचा शिक्का मारला. त्याला वाईट वाटलं असावं, कारण शिक्का त्याने हळूच मारला. मग दुसरा अर्ज चाळला. "हा मात्र चोख आहे."

त्या चोख अर्जाच्या चौदाव्या रकान्यात, टाचणीच्या अक्षरात, लिहिलेलं होतं: नाही.

नर्सने टेबलाकडे पाहिलं, अधिकाऱ्याकडे पाहिलं. टाचणीकडे पाहिलं नाही.

बाहेर पत्रकार थांबले होते. ती म्हणाली, "चूक माझी आहे. अनुभव कमी पडला."

दुसऱ्या दिवशी पेपरात मोठ्या अक्षरात 'पोरखेळ' आलं. खाली अर्धं पान मजकूर होता, की राष्ट्रीय राजकारण हे शिकाऊ लोकांचं काम आहे काय. अगदी टाचणीचीच वाक्यं होती. त्याने ती दोनदा वाचली आणि पेपर उलटा घालून ठेवला.

"तुम्ही म्हणत होतात तेच झालं, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. काल काका होता, आज साहेब.

घरी बायकोने कोट आणला. "घाला तरी एकदा. एकतीस वर्षांनी माझ्या माणसाचा दिवस आला." त्याने घातला. तिने खांद्यावरचा धागा काढला आणि डोळे पुसले. कोट काढताना त्याचा हात बाहीतून निघेना.

१७. उमेदवाराचा अनुभव

नर्स सकाळी नऊला कचेरीत आली. हातात वस्त्यांची यादी होती. "प्रचार इस्पितळापासून सुरू करू. लोक मला ओळखतात, मी तुमची ओळख करून देते."

टेबलावर छापखान्यातून आलेला पत्रकाचा नमुना पडला होता. ड्रायव्हर बाहेर गाडी पुसत होता. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"पोरी," टाचणी म्हणाला, "तो रकाना..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुमचा अर्ज वाचला मी, टेबलावर. उलटा. पेशंटच्या पायाशी उभं राहून चार्ट उलटे वाचायची सवय असते आम्हाला."

टाचणी खाली बसला. "मग तिथेच का नाही बोललीस? चार लोकांत माझे कपडे फाडायचे होतेस."

"तुमचाही अर्ज वादात अडकला असता. वॉर्डातली त्रेचाळीस माणसं आठवड्यातून तीनदा मशीनला लागतात, काका. तो हुकूम सभागृहात येईल तेव्हा त्यांच्यासाठी एक हात वर व्हायला हवा. कुणाचा का असेना."

"मी माघार घेतो."

"खबरदार!" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. बाहेर ड्रायव्हरचं फडकं थांबलं. "माघार घेऊन तुम्ही मोकळे व्हाल. ते कुठे जातील?"

आता आपण रडू असं त्याला वाटलं. पण ते तिच्यासमोर करणं म्हणजे पुन्हा तिच्याकडूनच खुर्ची मागण्यासारखं होतं. त्याने नमुना पुढे ओढला. त्याच्या फोटोखाली ठळक ओळ होती: 'अनुभव: एकतीस वर्षं. चुकायला वाव नाही.' त्याने त्या ओळीतलं पहिल्या शब्दापुढचं सगळं खोडलं. एकदा, मग दुसऱ्यांदा, कागद फाटायला येईपर्यंत. 'अनुभव' एवढाच शब्द उरला, आणि छापताना पुढे लांबलचक कोरी जागा राहणार होती.

"पाठवून देतो छापखान्यात," तो म्हणाला.

"कोरी जागा सोडायची नसते, काका."

तिने खिशातलं पेन काढलं, टोपण काढून त्याच्यासमोर धरलं. त्याने ते घेतलं. नियम त्याला तोंडपाठ होते, पण इथे काय लिहायचं ते कुठल्याच नियमात नव्हतं.

ती घड्याळाकडे बघत उभी राहिली, नाडी मोजताना राहतात तशी.